कपाटातल्या रोपांना वारा, खोलीतल्या माणसांना शांतता

तुमचा प्रश्न मी असा समजलो. बेडरूममधलं जुनं लाकडी कपाट, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, पाच फूट उंच. आत दोन फळ्या, प्रत्येक फळीवर १८ वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, म्हणजे एकूण ७२ वॅट. मोहरी, मेथी, मुळा यांचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळेपणीच कापून खायची रोपं, शिवाय थोडं बेसिल आणि लेट्यूस. कपाट आतून तापतं, सकाळी दाराला आतून घाम फुटलेला असतो. म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधले ८० मिलिमीटरचे दोन पंखे लावलेत. हवा खेळू लागली, पण त्याच खोलीत दहावीतली मुलगी अभ्यास करते आणि झोपते, तिला तो आवाज असह्य होतोय. म्हणून तुम्ही विचारताय की सगळ्यांत शांत पंखा कोणत्या कंपनीचा, आणि असे किती लावायचे.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं, आणि गेली नऊ वर्षं पुण्यातच घराच्या एका खोलीत पालेभाज्या आणि मायक्रोग्रीन्स घेतोय. ओळखीच्या लोकांना अशी कपाटंही करून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, कंपनीचं नाव हा यातला शेवटचा प्रश्न आहे. आधी ठरवायचं ते हे की किती हवा बाहेर काढायची आहे, ती पंख्याच्या किती कमी फेऱ्यांत निघेल, आणि तिला जायला-यायला वाट किती मोकळी आहे. हे तीन नीट झाले तर मध्यम किमतीचा पंखाही रात्री ऐकू येत नाही. हे बिघडले तर महागातला महाग पंखाही घोंघावतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलून टाकतो. खोली दिवसभर बंद असते की खिडकी उघडी असते, कपाटाची पाठ भिंतीला चिकटलेली आहे का, दाराच्या फटी किती आहेत, यावर माझे आकडे दोन्ही बाजूंना हलतील. शिवाय पंखा कपाटाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली गरम, दमट हवा बाहेर टाकतो आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. खोलीत ३३ अंश असेल तर कपाटात ३३च्या वरच राहणार.

आता हिशेब. ट्यूब जेवढी वीज खातात ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन कपाटातच उतरते, पानांनी शोषलेला प्रकाशसुद्धा. किती हवा लागेल हे काढायची सोपी रीत अशी: वॅटला तीनने गुणायचं आणि आत-बाहेर जेवढ्या अंशांचा फरक चालेल त्याने भागायचं. उत्तर ताशी घनमीटरमध्ये येतं. तुमचे ७२ वॅट, चालणारा फरक ३ अंश, म्हणजे ताशी ७२ घनमीटर. ४ अंश चालत असेल तर ५४. प्लायमधून आणि फटींतून थोडी उष्णता आपसूक बाहेर जाते, रोपं पाणी उडवतात त्यातही काही खर्ची पडते. ते मी हिशेबात धरत नाही, ती आपली राखीव शिल्लक.

तुम्ही कुठेतरी वाचलंय की मिनिटाला एकदा कपाटातली सगळी हवा बदलली पाहिजे. तुमचं कपाट साधारण ०.६ घनमीटरचं, म्हणजे त्या नियमाने ताशी ३६ घनमीटर पुरेत. पण त्याच कपाटात उद्या १५० वॅटचे दिवे लावले तरी नियम ३६च सांगणार. उष्णता कपाटाच्या आकारावर ठरत नाही, दिव्यांवर ठरते. म्हणून मी तो नियम वापरत नाही.

ताशी ७२ घनमीटर ही काही मोठी मागणी नाही. तुमचे ८० मिलिमीटरचे पंखेही ती जवळपास पुरी करत असतील, पण मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारून. खरा त्रास इथेच आहे. एकाच घडणीच्या दोन पंख्यांत हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १४० मिलिमीटरवर गेलात की व्यास पावणेदोन पट होतो आणि तेवढ्याच फेऱ्यांत हवा पाच पटींहून जास्त. उलटं म्हणायचं तर लहान पंखा तीन हजार फेऱ्यांत जे काम करतो ते मोठा पंखा साडेपाचशे-सहाशे फेऱ्यांत करतो.

आणि आवाज फेऱ्यांबरोबर फार वेगाने वाढतो. फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. पात्याच्या टोकाचा वेग पाहा: ८० मिलिमीटरचा पंखा तीन हजार फेऱ्यांवर असताना टोक सेकंदाला साडेबारा मीटरने हवा कापतं, १४० मिलिमीटरचा आठशे फेऱ्यांवर असताना सहा मीटरहून कमी. मुलीला जी शिट्टीसारखी, डोक्यात जाणारी धार ऐकू येते ती या टोकाच्या वेगाची आहे. एक शांत पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन मोठे पंखे रेंगाळत चालवावेत. दोन सारखे पंखे एकत्र चालले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढीच हवा एकाच पंख्यातून काढायला फेऱ्या दुप्पट कराव्या लागतात, आणि तिथे १५ डेसिबल मोजावे लागतात.

तुमच्या कपाटासाठी मी १४० मिलिमीटरचे दोन पंखे, आठशेच्या आसपास फेऱ्यांवर चालवीन. हा आकडा कसा आला ते सांगतो, कारण खोक्यावर छापलेले आकडे वाचताना बहुतेक जण इथेच फसतात. नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए१४ पीडब्ल्यूएम (म्हणजे कंट्रोलरने वेग बदलता येणाऱ्या) पंख्याचा छापील आकडा आहे १५०० फेऱ्यांना ताशी १४० घनमीटर आणि २४.६ डेसिबल. हा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा आहे, जाळी नाही, भोक नाही, कपाट नाही. आठशे फेऱ्यांवर तो ७५ होतो. प्रत्यक्ष कपाटात मी त्याच्या निम्मा धरतो, म्हणजे ३७. दोन पंख्यांचे मिळून ७५. आपल्याला हवे होते ७२. आर्क्टिक कंपनीचा पी१४ पीडब्ल्यूएम १७०० फेऱ्यांना ताशी १२० घनमीटरच्या थोडा वर जातो. तो खिशाला बराच हलका आहे आणि या कामाला मला पुरेसा वाटतो. फेऱ्या तेवढ्या नऊशेच्या पुढे न्याव्या लागतील. हवा कुठे सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशी, दिलेली असते, तिला १.७ ने गुणलं की ताशी घनमीटर मिळतात.

खोक्यावरच्या डेसिबलवर मात्र दोन कंपन्यांची तुलना करू नका. कोणी कुठे, किती अंतरावरून, कशा खोलीत मोजलं यात फार फरक असतो. एकाच कंपनीच्या दोन पंख्यांत तुलना करायला तो आकडा ठीक आहे. संदर्भ हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये झोपायच्या खोलीसाठी सततच्या आवाजाची मर्यादा ३० डेसिबल सुचवली होती. मोठे पंखे हळू चालवले तर आपण त्याच्या बरेच खाली राहतो.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, स्थिर दाबाचा, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये. कॉम्प्युटरच्या पंख्यांत तो साधारण २ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम २० पास्कल. हा दाब फार तोकडा आहे. जाळी, मोकळं भोक, फार तर हातभर लांबीची रुंद नळी एवढंच तो ढकलू शकतो. लांब नळी लावून हवा खिडकीबाहेर न्यायची असेल किंवा कोळशाचा फिल्टर बसवायचा असेल, तर हे पंखे घेऊच नका. तिथे इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे नळीच्या मध्येच बसणारा जोरकस पंखा लागतो. तुमच्या पिकाला असा उग्र वास नसतो, त्यामुळे ती गरज पडणार नाही.

बेअरिंगबद्दल. साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा स्वस्त असतो आणि नवा असताना शांतही, पण तो आडवा, म्हणजे छताला सपाट बसवला आणि त्यावर गरम दमट हवा येत राहिली की त्यातलं वंगण लवकर संपतं. मी असे चार पंखे छताला लावले होते, पाचव्या महिन्यात दोन खरखरू लागले. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण त्याची बारीक किरकिर रात्रीच्या शांततेत जाणवते. या कामाला फ्लुइड डायनॅमिक प्रकारचं, म्हणजे तेलाच्या थरावर फिरणारं बेअरिंगच घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तुम्हाला २३० व्होल्टवर थेट चालणारा लोखंडी चौकटीचा पॅनेल फॅन दाखवतील. तो कारखान्यातल्या पॅनेलसाठी आहे. फेऱ्या अडीच हजारांच्या वर, कमी करायची सोय नाही, आणि ओल्या कपाटाजवळ २३० व्होल्टची उघडी टोकं. घरात, मुलांच्या खोलीत तो नकोच.

आता वाट मोकळी करण्याकडे वळू. माझ्या मते निम्मी शांतता इथून येते. पंखे कपाटाच्या छताला बसवा, हवा वर फेकणारे. गरम हवा तशीही वरच जाते, आणि पलंगावर झोपलेल्या माणसाचा कान आणि पंखा यांच्यामध्ये सरळ रेष राहत नाही. छतावर सामान ठेवायचं नाही, निदान वीतभर जागा मोकळी हवी. हवा आत यायचं भोक खाली, पाठीमागच्या बाजूला, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढलेलं. दोन्ही पंख्यांची पाती मिळून साधारण २६० चौरस सेंटिमीटर जागा झाडतात. खालचं भोक याच्या दुप्पट तरी हवं, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद. चिलटं येऊ नयेत म्हणून मच्छरदाणीची जाळी लावणार असाल, आणि लावाच, तर रुंदी १२ सेंटिमीटर करा, कारण जाळीची तार स्वतःच बरीच जागा खाते. आपल्याकडची धूळ पाहता दर पंधरा दिवसांनी ती जाळी धुवावी लागते. धूळ धरली की हवा कमी होते, मग माणूस पंख्याचा वेग वाढवतो, आणि महिन्याभरात पुन्हा तोच आवाज.

पंख्याच्या तोंडाशी, म्हणजे ज्या बाजूने तो हवा ओढतो तिथे, काहीही चिकटून नको. पत्र्यात भोकं पाडलेली जाळी पात्यांपासून अर्ध्या सेंटिमीटरवर असली की ती शिट्टी वाजवते. गोल तारेची जाळी वापरा, आणि ओढणाऱ्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी ठेवा. सुताराकडून भोक पाडून घेताना ते पात्यांच्या वर्तुळापेक्षा लहान होऊ देऊ नका. स्क्रूच्या खुणा करण्याआधी मोजून घ्या: १४० मिलिमीटरच्या पंख्यात दोन स्क्रूमधलं अंतर १२४.५ मिलिमीटर असतं, १२० च्या पंख्यात १०५.

माझं पहिलं कपाट आठवतं. पंखा हातात धरला तर ऐकू येत नव्हता, इतका चांगला होता. पातळ प्लायला स्क्रूने कसला आणि सगळं कपाट डग्ग्यासारखं घुमू लागलं. शेजारच्या खोलीत माझे वडील आजारी होते, त्यांना रात्रभर तो घुमारा भिंतीतून ऐकू येत होता. त्यांनी तीन रात्री काही सांगितलं नाही, चौथ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी पंखा लाकडाला थेट कधीच कसत नाही. रबराच्या खुंट्या मिळतात त्या वापरा. नाही मिळाल्या तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पंखा आणि प्लायच्या मध्ये घाला आणि स्क्रू हलकेच आवळा, रबर दबून चपटं होईल इतका नाही. छताचा प्लाय ६ मिलिमीटरचा पातळ असेल तर त्यावर आतून एक जाड फळी मारून वजन वाढवा. जड फळी घुमत नाही.

विजेचं. हे पंखे १२ व्होल्टचे असतात. राउटरला असतो तसा १२ व्होल्ट, १ अँपियरचा अडॅप्टर दोघांना पुरतो. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा शिक्का पाहून घ्या. अडॅप्टर कपाटाच्या बाहेर, जमिनीपासून वर ठेवा, आणि आत जाणारी वायर आधी खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्यात थेंब होऊन पडेल, प्लगपर्यंत पोचणार नाही. वेग कमी करायला चार तारांचा पीडब्ल्यूएम पंखा आणि त्यासाठीच बनवलेला छोटा कंट्रोलर घ्या. त्या पद्धतीत सूचना सेकंदाला २५ हजार वेळा जाते, ती माणसाच्या कानाच्या पलीकडची आहे. बाजारात मोटरचा वेग कमी करणारा जो स्वस्त बोर्ड मिळतो तो बऱ्याचदा खूप कमी वारंवारतेवर काम करतो, आणि मग पंख्याची मोटरच गुणगुणते. तीन तारांचा पंखा असेल तर ९ व्होल्टचा अडॅप्टर जोडून पाहा. कसलाही कंट्रोलर न लावता वेग साधारण पाऊणपट होतो.

तापमान वाढलं की पंखा सुरू, कमी झालं की बंद, अशी सोय करायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पण त्या छोट्या थर्मोस्टॅट बोर्डावरचा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, रात्री दोन वाजता टक् करून वाजतो, आणि मग पंखा सुरू होतो. कान सततच्या मंद आवाजाला सरावतो, झोप मोडते ती बदलाने. दिवे चालू असताना आठशे फेऱ्या, दिवे बंद झाल्यावर पाचशे, बस्स. दोन पंखे जवळजवळ सारख्या पण नेमक्या सारख्या नसलेल्या वेगाने फिरले तर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. तो ऐकू आला तर एकाचा वेग शंभर फेऱ्यांनी मुद्दाम वेगळा करा.

रात्री पंखा पूर्ण बंद करू नका, विशेषतः पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा कपाटात ३० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ७१ टक्क्यांवर येते. म्हणजे दिवे चालू असताना त्यांची उष्णता तुमच्या मदतीला असते. दिवे बंद झाले की तो आधार जातो, कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याच्या भुशातलं) पाणी उडतच राहतं, हवा ओलाव्याने भरून येते, आणि पहाटे मोहरीच्या बुडाशी बुरशीचं पांढरं जाळं दिसतं. माझे पावसाळ्यातले ट्रे असेच रात्री गेलेत, दिवसा नाही. त्या महिन्यांत बी विरळ पेरा, पाणी सकाळीच द्या आणि ट्रेच्या खालून द्या. आणि पंख्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा की आतली हवा खोलीतल्या हवेइतकी राहील. त्याहून कोरडी तो करणार नाही.

एप्रिल-मेमध्ये खोलीच ३३-३४ अंशांवर गेली की लेट्यूस कडू होतो, दांडा उंच वाढतो. तिथे पंख्याचा वेग वाढवून उपयोग नाही, फक्त आवाज वाढेल. ते दोन महिने लेट्यूसला सुट्टी द्या, राजगिरा आणि बेसिल घ्या, त्यांना ऊब चालते. दिव्यांचे तास १६ वरून १२ वर आणा आणि ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी विभागून लावा. मायक्रोग्रीन्सना तेवढा प्रकाश पुरतो.

आणखी छोटे पंखे कपाटाच्या आत ठेवा, हवा नुसती हलवायला. रोपं कोलमडतात ती बहुतेक वेळा बुडाशी हवा साचून राहिल्यामुळे. हे काम तुमचे आत्ताचे ८० मिलिमीटरचे पंखेच करतील. ते छतावरून काढा, दोन्ही फळ्यांवर एकेक ठेवा, आणि १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालवा. काही पंखे एवढ्या कमी व्होल्टवर सुरू होत नाहीत, तसं असेल तर ७ व्होल्टवर नेऊन पाहा. पानं जेमतेम थरथरावीत, वाकू नयेत.

तुम्ही शेवटी धिंगरी अळिंबीचंही (ऑयस्टर मशरूम) विचारलंय. ती याच कपाटात एकत्र घेऊ नका. तिला ८५-९० टक्के ओलावा लागतो, आणि तिचे बीजाणू पंख्यावर आणि माणसाच्या छातीत दोन्हीकडे बसतात. झोपायच्या खोलीत ती नकोच.

सुताराला बोलावण्याआधी एक करा. कपाटाचं दार उघडून ठेवा आणि त्या जागी जाड पुठ्ठा चिकटपट्टीने लावा. पुठ्ठ्यात वरच्या बाजूला दोन पंख्यांची भोकं आणि खालच्या कडेला हवा यायची फट कापा, पंखे रबरावर अडकवा, दिवे लावा. एक थर्मामीटर वरच्या फळीवर, एक खोलीत, आणि दोन तासांनी दोन्ही पाहा. फरक तीन-चार अंशांत असेल तर वेग थोडा आणखी उतरवून पुन्हा बघा. मग रात्री मुलीला तिच्या उशीवर डोकं ठेवून ऐकायला सांगा, आणि ती जो वेग ठीक म्हणेल तो कंट्रोलरवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. भोकं त्या वेगाला पुरतील एवढी पाडायची. मोठी लागली तर मोठी, पण वेग तोच ठेवायचा.